तपकिरी सोनं

आश्विन सरत आला की पाटणच्या वरच्या अंगाचं गवत पिवळं पडायला लागतं. पावसाळाभर कमरेइतकं वाढलेलं ते गवत दुपारच्या उन्हात तापतं आणि त्याला भाजलेल्या पोह्यांसारखा वास सुटतो. यंदा एका साखरपुड्यासाठी कऱ्हाडला गेले होते. अंगठ्या घातल्या, जेवणं उरकली, आणि सांगलीची गाडी धरायची सोडून मी उलट दिशेच्या एसटीत जाऊन बसले. कुणी विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, एवढंच.

फाट्यावर उतरून चालत गेले. गाव ओळखू येईना. कौलं गेलेली, स्लॅब आलेले, दारादारात मोटारसायकली. पण देवळाच्या मागची राई मात्र होती तिथंच होती, डोंगराच्या कुशीत डोकं खुपसून बसल्यासारखी. देवाची राई. तिथं पिढ्यान्‌पिढ्या कुणी कुऱ्हाड लावलेली नाही. कडेला उभं राहिलं की आतून थंड हवा अंगावर येते, तळघराचं दार उघडल्यावर येते तशी. ती हवा अंगावर आली आणि मी पाच वर्षांची झाले.

बाहत्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. वडील फौजेत, कुठंतरी बर्फाच्या मुलखात. आमचं मूळ घर आष्ट्याचं. तिथं एकत्र कुटुंब, ऊस, म्हशी, सगळं होतं. पण आई सातवी शिकलेली होती, बालवाडीच्या बाईंचं ट्रेनिंग तिनं केलं होतं, आणि नोकरी निघाली ती या डोंगरातल्या गावात. मला काखेला मारून, एक ट्रंक आणि स्टो घेऊन ती इथं आली. आष्ट्यात कुणाला ते पसंत नव्हतं. वडिलांनी मात्र पत्रातून ‘जा’ म्हटलं होतं, त्या एका शब्दावर ती निघाली.

घराचा उंबरा ओलांडला की आईची बाई व्हायची. मलाही तिला बाईच म्हणावं लागे. एकदा चुकून ‘आई’ म्हणून हाक मारली तर तिनं ऐकूच आलं नाही असं केलं. घरी आल्यावर जवळ घेऊन म्हणाली, “तिथं मी सगळ्यांची असते गं. तू आई म्हटलंस की बाकीच्यांची कमी होते.” मला काही पटलं नव्हतं. सकाळभर माझी आई दुसऱ्यांना वाटून टाकायची आणि संध्याकाळी उरलेली माझ्या वाट्याला यायची, असं मला वाटे.

बालवाडी देवळाशेजारच्या एका अंधाऱ्या खोलीत भरायची. शेणाचा, ओल्या भिंतींचा आणि गोणपाटाचा वास. त्या वर्षी भाद्रपदात पाऊस असा लागून राहिला की मागची भिंत खचली. सुदैवानं ती रात्री खचली. सकाळी आम्ही गेलो तर फळ्याच्या जागी आभाळ दिसत होतं.

“भित बांदून हुईस्तोवर शाळा बंद ठिवा,” असं पाटील म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि आम्हाला रांगेत उभं केलं. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. आणि ती रांग देवळाला वळसा घालून थेट राईकडे निघाली.

वाटेवर आप्पा गुरव उभे. देवाची पूजाअर्चा त्यांच्याकडे, आणि राईची राखणही त्यांच्याकडे.

“बाई, कुटं निगाला पोरं घिऊन?”

“आत, सावलीत बसवते.”

“आवं, देवाची राई हाय ती. हितली काडी कुनी मोडत न्हाई. पोरं ती पोरं, पाला वरबाडत्याल, खोडं खरवडत्याल.”

बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “पोरं काही तोडणार नाहीत, आप्पा. जे आपणहून खाली पडलंय तेवढंच उचलतील. चालेल देवाला?”

आप्पांनी डोकं खाजवलं. एवढा सरळ प्रश्न त्यांना बहुतेक कुणी विचारला नव्हता. “पडल्यालं व्हय,” ते म्हणाले, “पडल्यालं न्या की. पडल्याल्याला देव बी काय म्हनत न्हाई.”

आणि तीच आमच्या शाळेची राज्यघटना झाली. पडलेलं आपलं, झाडावरचं देवाचं.

पाऊस थांबला आणि सगळं लखलखीत झालं. आज डोळे मिटले तरी त्या सकाळी दिसतात. झुडपाझुडपांवर कोळ्यांनी जाळी विणलेली आणि त्यांत दव अडकलेलं. आमच्या पायांना गवताची कुसळं टोचायची, फ्रॉकच्या घेराला चिकटायची, आणि आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे ती कुसळं काढणं. एकानं दुसऱ्याची काढायची. स्वतःची स्वतः काढायची नाहीत, असा नियम. नखानं कुसळ ओढता ओढता भांडणं मिटायची. मध्यभागी एक जुनं जांभळाचं झाड होतं, त्याची मुळं जमिनीवरून अशी पसरली होती की प्रत्येकाला बसायला एकेक मूळ मिळालं होतं. ज्याचं मूळ त्याचं. आजारी मुलाच्या मुळावर कुणी बसत नसे.

काय शिकलो आम्ही तिथं? लहान पान, मोठं पान, त्याहून मोठं पान, अशी ओळ लावायला शिकलो. मातीत काटकीनं ‘ग’ काढायला शिकलो. सुगरणीचं पडलेलं घरटं उलटं धरून त्याच्या बोगद्यात बोट घालून पाहिलं. सापाची कात सापडली तेव्हा बाईंचा चेहरा पांढरा पडला, कारण त्या ऊसपट्ट्यातल्या आणि सापाला जन्माच्या भिणाऱ्या. पण आम्ही पाहतोय म्हटल्यावर त्यांनी ती कात दोन बोटांत उचलली, उन्हाकडे धरली आणि म्हणाल्या, “बघा, काय जाळी आहे!” त्यांचा हात थरथरत होता आणि ती कातही. आम्हाला वाटलं, वाऱ्यानं हलतेय.

वाळक्या फांद्यांवर दगडफूल असायचं. फांदी पडलेली, म्हणून दगडफूलही आमचं. ते मुठीत चुरगळून नाकाशी न्यायचं, की दिवाळीच्या मसाल्याचा वास. आजही मसाला भाजताना दगडफूल तव्यावर पडलं की माझ्या तळपायांना ओली माती लागते.

आणि ऐकण्याचा खेळ. बाई म्हणायच्या, “डोळे मिटा. हाताची घडी. आता कोण काय ऐकतंय?” भारद्वाज, खाली वाजणारा ओढा, देवळातली घंटा, कुणाची तरी म्हैस. एकदा सर्ज्या नावाचा चार वर्षांचा पोरगा खूप वेळ गप्प बसून म्हणाला, “बाई, पान पडल्यालं आयकाय आलं.” सगळी हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “थांबा, आपण सगळे ऐकू.” आणि आम्ही सगळे श्वास धरून बसलो. वरून एक पिवळं पान गिरक्या घेत खाली आलं आणि पाचोळ्यावर टेकलं. आलं ऐकू. खरंच आलं.

नवरात्रात हादगा. घरोघरच्या मुली पाटावर हत्तीचं चित्र ठेवून भोवती फेर धरायच्या. आमच्याकडे पाट नव्हता आणि चित्रही नव्हतं. बाईंनी मातीवर काटकीनं मोठा थोरला हत्ती काढला आणि तो आम्ही पानांनी भरला. पोट पिवळ्या पानांचं, कान तांबूस पानांचे, सोंडेला मोराचं पीस. मुलगेही फेरात आले, कारण हत्ती त्यांनीही भरला होता. खिरापत ओळखायची असते, म्हणून डबा कानाशी हलवायचा. गूळ-शेंगदाणे, फुटाणे, भिजवलेले हरभरे, असं काहीबाही. संध्याकाळपर्यंत वाऱ्यानं हत्ती विस्कटायचा. रडायचं नाही, दुसऱ्या दिवशी नवा भरायचा.

दसऱ्याला खरी गंमत झाली. राईच्या कडेला आपटा होता. गावभर लोक आपट्याच्या हिरव्या फांद्या ओरबाडून आणत होते, पण आम्हाला तोडायची परवानगी नव्हती. मग आम्ही खाली पडलेली पानं वेचली, वाळकी, तपकिरी, कडा कुरतडलेली. ती परकराच्या ओच्यात भरून आम्ही घरोघर सोनं द्यायला गेलो. लोक हसले. पाटलीणबाई म्हणाल्या, “अगं बया, तुमच्या सोन्याला गंज चढलाय की गं!” पण पाटलांनी ते तपकिरी पान हातात घेतलं, पलटून पाहिलं, आणि फेट्यात खोवलं. दिवसभर ते तसंच होतं.

असं सगळं चाललं असताना गावात कुजबूज होतीच. बाई पोरांना रानात हिंडवतात. पाटी नाही, पुस्तक नाही. पाला गोळा करायला सरकार पगार देतं होय? बाईंच्या कानावर हे यायचं. रात्री चुलीशी बसून त्या नुसत्या जाळाकडे पाहत राहायच्या. पण सकाळी पदर खोचून रांगेच्या पुढं.

मग सर्ज्या हरवला.

दिवाळीच्या सुट्टीला थोडेच दिवस राहिले होते. खाली वावरात भाताची कापणी चाललेली, सगळ्या बाया तिकडं. आम्ही पानं वेचून परत मुळांवर येऊन बसलो तर एक मूळ रिकामं. बाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. मग त्यांनी आम्हाला जांभळाला पाठ लावून, एकमेकांचे हात धरून बसवलं आणि म्हणाल्या, “कुणीही उठायचं नाही. काही झालं तरी.” आणि त्या धावत सुटल्या. मी आईला धावताना कधी पाहिलं नव्हतं. झाडांमधून तिचं निळं लुगडं इकडून तिकडं दिसत होतं आणि हाका लांब लांब जात होत्या. “सर्जेराव! सर्ज्याऽ!”

आप्पा गुरवांनी देवळाची घंटा वाजवायला सुरुवात केली. अवेळी घंटा ऐकून वावरातून माणसं वर पळत आली, हातात विळे तसेच. सर्ज्याची आजी तान्हाबाई छाती बडवत आली. त्याचा बाप फौजेत, आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. पोरगं आजीच्या जिवावर होतं. कुणी विहिरीकडं पळालं. कुणी बिबट्याचं नाव घेतलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ओढ्याच्या अंगानं बाईंचा आवाज आला. हाक नव्हती ती, नुसता आवाज. सगळे तिकडं धावले. आमचे हात केव्हा सुटले कळलं नाही, आम्हीही मागून धावलो.

ओढ्याच्या उथळ पाण्यात एका दगडावर सर्ज्या बसला होता. सदऱ्याचा ओचा पानांनी, पिसांनी, आवळ्यांनी टम्म फुगलेला. बाई त्याच्यासमोर पाण्यात गुडघे टेकून बसल्या होत्या, लुगडं भिजलेलं, कोपराला खरचटलेलं.

“कुठं गेला होतास रे?” त्या विचारत होत्या. “का गेलास असा?”

सर्ज्याला प्रश्नच कळला नाही. “बाई, तुमीच म्हनला की पडल्यालं गोळा करा,” तो म्हणाला. “हितंपातुर पडल्यालंच हाय. लय पडलंय. सरंनाच.”

बाईंनी त्याला मिठी मारली आणि त्या रडायला लागल्या. सगळ्या गावासमोर, मोठ्यानं. आणि मी काठावर उभी राहून पाहत होते की माझी आई दुसऱ्याच्या पोराला धरून रडतेय. गंमत अशी की त्या वेळी मला राग आला नाही. पहिल्यांदाच आला नाही. मी जाऊन तिच्या भिजलेल्या पाठीला टेकले, तर पलीकडून आणखी कुणी टेकलं, मग आणखी कुणी. सगळी बालवाडी ओढ्यात उतरली.

संध्याकाळी देवळाच्या पायरीवर माणसं जमली. नेमके त्याच दिवशी आष्ट्याहून माझे काका दिवाळीला न्यायला आले होते. फाट्यावर उतरल्याबरोबर त्यांना सगळी हकीकत कळली होती.

“वैनी, झालं तेवढं लय झालं,” ते घरी येऊन आईला म्हणाले. “दादाला म्या काय सांगू? उद्याच्या पहिल्या गाडीनं निगायचं. ट्रंक भरा.”

 आई मला घेऊन देवळाकडे गेली.

पाटलांनी सरळच सांगितलं. “बाई, तुमच्यावर राग न्हाई आमचा. पर रानात शाळा नगं. भित हुईस्तोवर बंद ठिवा. आज पोरगं घावलं, उद्या न्हाई घावलं तर?”

“तुमचं खरं आहे,” आई म्हणाली. “चूक माझी आहे. माझं लक्ष सगळीकडं पुरलं नाही.” तिचा आवाज इतका खाली गेला होता की मागच्यांना ऐकूही गेला नसेल.

तेव्हा बायांच्या घोळक्यातून तान्हाबाई पुढं आली. गावच्या बैठकीत बाया बोलत नसत. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि बोलली.

“पाटील, माजं पोरगं हरवलं, तुमचं न्हवं. तवा मी बोलती. भित हुईल चैतात. तवर आमी कापनीला जायाचं का न्हाई? खोलीत व्हतं तवा पोरगं रोज रडून जायाचं. आता कोंबडा आरवायच्या आदी उठून बसतंय, आज्जे, राईत जायाचं म्हनून. घरी ठिवून गेली तर हिरीत पडंल. मग कुनाला बोल लावू, हिरीला?”

तिनं सगळ्या बैठकीवरून नजर फिरवली.

“बाई एकली हाय म्हनून पोरगं सुटलं,” ती म्हणाली. “मला आता वाकून कापनी हुत न्हाई. मी बसती वड्याच्या वाटंवर. कोन जातंय बघू.”

“मी खालच्या अंगाला बसतो,” मागून आप्पा गुरव म्हणाले. “देवाचीच राखन हाय.”

पाटलांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते हसले. “मग मी तरी काय बोलनार? भरवा शाळा.”

दुसऱ्या दिवशी काका एकटेच आष्ट्याला गेले. राईत शाळा भरली. ओढ्याच्या वाटेवर तान्हाबाई पोतं टाकून बसली, मांडीवर निवडायला डाळ. मग तिच्या सोबतीला दुसरी म्हातारी आली, तिच्या सोबतीला तिसरी. हळूहळू त्या ओढ्याकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून बसायला लागल्या. डोळे मिटून ऐकायच्या खेळात त्याही डोळे मिटायच्या, आणि एखादीला तिथंच डुलकी लागायची. आम्ही तिला उठवत नसू.

भिंत चैत्रात झाली, तान्हाबाई म्हणाली होती तशीच. पावसाळ्यात आम्ही त्या खोलीत बसलो, पण शरद आला की पुन्हा राईत. असे काही शरद गेले. मग वडील पेन्शनीत आले, त्यांना सांगलीत कारखान्यावर काम मिळालं, आणि आम्ही ट्रंक आणि स्टो घेऊन खाली उतरलो. सांगलीच्या हवेत हळदीचा आणि गुळाचा वास होता, रस्त्यावर सायकलींची गर्दी. आईला एका बालमंदिरात नोकरी मिळाली. तिथं बाकं होती, गजांच्या खिडक्या होत्या, रंगीत खडू होते. तिथंही मुलं तिच्यावर जीव टाकायची. कधीमधी ती त्यांना रांगेनं कृष्णेच्या घाटावर न्यायची. पण आश्विनातल्या उन्हात ती गच्चीवर उभी राहायची आणि नाकानं काहीतरी शोधायची, हे मी पाहिलं आहे.

मी स्वतः शिक्षिका झाले. आयुष्यभर ज्या धैर्याच्या गोष्टी मी मुलांना सांगितल्या, त्या सगळ्यांच्या मागं मला एकच चित्र दिसायचं. भरल्या गावानं रडताना पाहिलेली, एकटी, परमुलखातली बाई दुसऱ्याच दिवशी पोरांना घेऊन त्याच राईत शिरते. हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. शेवटच्या आजारपणात एका दुपारी तिच्या केसांना तेल लावता लावता सांगितलं.

 ती हसली.

“वेडी आहेस,” म्हणाली. “त्या दिवशी मी राईत जाणारच नव्हते. ट्रंक भरली होती मी रात्री. मी पोरांना देवळापाशी रांगेत उभं केलं ते सांगायला, की बाळांनो, आता शाळा नाही, मी गावाला चाललेय. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. माझे पायच हलेनात, इतकी भ्याले होते. आणि तुम्ही...”

“आम्ही काय?”

“तुम्ही वाट बघून बघून कंटाळलात आणि निघालात की पुढं! रांग मोडली नाहीत, खांद्यावरचे हात सोडले नाहीत. सर्ज्या सगळ्यांत पुढं. मी त्यांना नेलं नाही गं. पोरं आत गेली, म्हणून मी मागून गेले.”

 मी तिच्या विरळ झालेल्या केसांतून बोटं फिरवत राहिले.

“रांगेत शेवटी तू होतीस,” ती म्हणाली. “सगळी पुढं गेली तरी तू थांबलीस. माझं बोट धरलंस आणि मला ओढलंस. तुला आठवत नाही?”

मला आठवत नाही. कितीही आठवून पाहिलं तरी आठवत नाही.

राईच्या कडेला मी बराच वेळ उभी होते. ऊन कलायला लागलं होतं, परतीची एसटी सुटायची वेळ होत आली होती. वाटेवरून गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि म्हणाली, “काय वं, वाट चुकला का?”

“नाही,” मी म्हटलं. चपला काढून हातात घेतल्या आणि आत गेले.